कृपा करून शिक्षकाला गुरू म्हणू नका

शिक्षकांविषयीचा आदर लोप पावला, अशी खंत मराठी मध्यमवर्ग गेली कित्येक वर्षे व्यक्त करीत आला आहे. गुरुपौर्णिमेच्या आणि पाच सप्टेंबरच्या भाषणांत, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत, निवृत्त मुख्याध्यापकांच्या सत्कारांत ही खंत ठरलेली असते. मला ती मुळातच खोटी वाटते. माध्यमिक शाळेतल्या शिक्षकाविषयी आपल्याकडे आदराचा तुटवडा नाही. तो गरजेपेक्षा जास्तच आहे. तुटवडा आहे तो अपेक्षेचा. त्याने चारित्र्य घडवावे, संस्कार करावेत, राष्ट्र उभारावे, शंभर टक्के निकाल लावावा, मतदारयाद्या तपासाव्यात, एवढे सारे आपण त्याच्याकडून मागतो. त्याने आपला विषय नीट शिकवावा, ही एक साधी गोष्ट तेवढी आपण मागत नाही. तिच्यासाठी आपण दुसरीकडे पैसे भरून ठेवलेले असतात.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटत असेल, तर दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर स्थानकाबाहेर जरा उभे राहावे. रिक्षाथांब्यापासून पुलाच्या जिन्यापर्यंत मुलामुलींचे हसरे चेहरे, त्यांच्याखाली टक्केवारी आणि त्याहून मोठ्या अक्षरांत क्लासचे नाव. ज्या शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलाचे नाव दहा वर्षे होते, ती शाळा त्या फलकावर बहुधा नसतेच. याबद्दल पालकांना काही विचित्र वाटत नाही, आणि त्यांच्या दृष्टीने त्यात विचित्र काही नाहीही. उपनगरांतल्या घरांत ही श्रमविभागणी केव्हाच पक्की झाली आहे. शिकवायचे क्लासने, दाखला द्यायचा शाळेने, आणि संस्कार करायचे ते शाळेतल्या सरांनी अन् बाईंनी. म्हणजे ज्या कामाला मोबदला द्यावा लागतो ते एकाकडे आणि ज्या कामाला नमस्कार पुरतो ते दुसऱ्याकडे.

ही विभागणी कशी घडत गेली, ते पाहण्यासाठी २०१२ या एका वर्षाकडे पाहणे पुरेसे आहे. मुंबईत १९८८ मध्ये सुरू झालेल्या आणि उपनगरांत घरोघरी माहीत झालेल्या महेश ट्युटोरियल्सची कंपनी, एमटी एज्युकेअर, एप्रिल २०१२ मध्ये शेअर बाजारात दाखल झाली. त्यानंतर महिन्याभरातच, मे २०१२ मध्ये, महाराष्ट्र शासनाने अनुदानित शाळांतील शिक्षकभरतीवर बंदी घातली. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही, हे मला ठाऊक आहे. पण एखाद्या समाजाचे शिक्षणविषयक मत त्याच्या भाषणांतून कळत नसेल, तर ते त्याच्या पैशाच्या वाटेवरून कळते. शिकवण्याच्या धंद्यात गुंतवणूक करायला लोक रांगेत उभे होते आणि शिकवण्याच्या नोकरीला कुलूप लागले होते. त्या वसंत ऋतूत उपनगरांतला एकही पालक भरतीबंदीविरुद्ध मोर्चात आल्याचे मला आठवत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये, प्रवेश द्यायचा तो माध्यमिक परीक्षेनंतरच, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. सूचना कागदावर आहेत आणि आठवीच्या ‘फाउंडेशन’च्या पाट्या रस्त्यावर आहेत. मुलगा सकाळी किंवा संध्याकाळी क्लासमध्ये धडा ‘करून’ येतो आणि मग तोच धडा शाळेत त्याच्यासमोर उघडला जातो. जो धडा ‘झालेला’ आहे तो ऐकायचा कशाला? तो जांभई देतो, आणि शिक्षिकेला वर्ग रमवता येत नाही, असा शेरा पालकसभेत मारला जातो. एखाद्याच्या ताटातले जेवण आधी दुसरीकडे वाढायचे आणि मग त्याच्या स्वयंपाकाला चव नाही म्हणायचे, असा हा न्याय आहे.

मग शाळेतल्या शिक्षकाकडून शैक्षणिक म्हणून जी काही अपेक्षा उरते ती कोणती? ती उघडी पडली २०१९ साली. त्या वर्षी दहावीचा अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेने द्यावयाचे २० अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले होते. राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. महाराष्ट्रात हाहाकार उडाला. इतर मंडळांची मुले अकरावीच्या प्रवेशात पुढे जातील, आमच्या मुलांवर अन्याय झाला, असा गिल्ला झाला, आणि काही महिन्यांतच ते २० गुण परत आले. २०२० चा निकाल लागला ९५.३० टक्के. एका वर्षात बारा टक्के मुले अडाणी झाली आणि पुढच्या वर्षी अठरा टक्के शहाणी झाली, असे कोणी मानणार नाही. मुले तीच होती, शिक्षकही तेच होते. बदलली होती ती मोजपट्टी. त्या गदारोळात एक प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. शाळेचा हात काढून घेतल्यावर मराठी लिहिता न येणारी एवढी मुले दिसत असतील, तर ती आधीही होतीच ना? पण तो प्रश्न शिक्षणाचा होता, आणि चर्चा गुणांची चालली होती. पुढे २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा निकाल ९९.९५ टक्के लागला. परीक्षा नसताना सर्वांत उत्तम निकाल लागतो, ही गोष्ट विनोद म्हणून नव्हे, तर आपल्या अपेक्षेचे प्रामाणिक चित्र म्हणून लक्षात ठेवण्यासारखी आहे.

हे काही एका वर्षाचे वेड नव्हे. २००८ साली अकरावी प्रवेशासाठी पर्सेंटाइलचे सूत्र आले आणि ते उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ साली राज्य मंडळाच्या मुलांसाठी नव्वद टक्के जागा राखण्याचा निर्णय झाला. तोही टिकला नाही. २०१० साली ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. लागोपाठ तीन वर्षे पालक, मंत्री आणि वकील यांनी आपली सारी बुद्धी गुण कसे मोजावेत आणि कसे वाटावेत यावर खर्च केली. वर्गात काय शिकवले जाते, किती मुलांना कळते, शिक्षक किती आहेत, यासाठी त्याच्या दशांश शक्तीही कधी लावली गेली नाही. आपण शाळेकडे विद्यालय म्हणून पाहत नाही. गुणांच्या वाटपाचे दुकान म्हणून पाहतो, आणि दुकानदाराकडून माप सढळ असावे एवढीच गिऱ्हाइकाची इच्छा असते.

निकालावरून शिक्षकाची किंमत करण्याची ही कल्पना आपण शोधलेली नाही. १८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो याने शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील यशाशी बांधले. कवी आणि समीक्षक म्हणून आपण ज्याला ओळखतो तो मॅथ्यू आर्नल्ड पोटासाठी शाळा-तपासनीस होता, आणि त्याने या पद्धतीला विरोध केला. शिकवणे यांत्रिक होते, मुले पाठ केलेले ओकतात आणि बुद्धीला गंज चढतो, हा त्याच्या आक्षेपाचा आशय होता. सुमारे तीन दशकांच्या अनुभवानंतर इंग्लंडने ती पद्धत सोडली.

आपल्याकडे याच प्रश्नावर बोलणारा पहिला मोठा माणूस म्हणजे जोतीराव फुले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी म्हटले की, ज्या वर्गाला शिक्षणाची गरज अजून जाणवलेलीच नाही, त्याच्यासाठी ही निकालपद्धती उपयोगाची नाही. केवळ निकालावर पोट अवलंबून ठेवून अशा वस्तीत शिकवायला कोण जाईल? ते निवेदन आजही वाचावे, कारण त्यात शिक्षकाविषयी एकही आरती नाही. त्यात आहेत त्या अपेक्षा, आणि त्या अपेक्षांची किंमत. शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा. त्याला दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि मोठ्या गावांत तो १५ ते २० रुपये असावा. त्याने शिकवावे काय, तर मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची सर्वसाधारण ओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे साधे धडे. जास्त मुले उत्तीर्ण करणाऱ्याला भत्ता द्यावा, असेही त्यांनी सुचवले. पण आधी पोटाला पुरेल असा पगार, मग बक्षीस. फुले प्राथमिक शाळांविषयी बोलत होते हे खरे. तरीही शिक्षकाकडून काय हवे ते नेमके सांगायचे आणि त्यासाठी काय द्यावे लागेल तेही त्याच दमात सांगायचे, ही त्यांची रीत आपण उचलली नाही. आपण उचलला तो गुरू.

मराठी मनातल्या आदर्श शिक्षकाच्या दोन मूर्ती आहेत. एक साने गुरुजी, दुसरे चितळे मास्तर. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे शिक्षक होते. नंतर ते सत्याग्रहात गेले. ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. या आयुष्यातून आपण काय घेतले? वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणे आवरणारे, डोळ्यांत पाणी असलेले गुरुजी तेवढे घेतले. देवळाच्या दाराशी प्राण पणाला लावणारे गुरुजी आपल्याला शाळेत नको असतात. आज एखाद्या शिक्षकाने गावातल्या किंवा गृहसंकुलातल्या अन्यायाविरुद्ध उपोषण मांडले, तर संस्थाचालकांची नोटीस आणि पालकांची तक्रार यांपैकी आधी काय पोचेल, एवढाच प्रश्न उरेल. आपल्याला गुरुजींचे मार्दव हवे आहे, धैर्य नको आहे.

चितळे मास्तरांची गोष्ट याहून बोलकी आहे. पु. ल. देशपांडे यांचे बालपण जोगेश्वरी-पार्ल्यात गेले आणि शिक्षण पार्ले टिळक विद्यालयात झाले. त्यांनी उभे केलेले हे मास्तर वाचताना डोळे पाणावले नाहीत असा मराठी वाचक विरळाच. त्यांच्या झिजलेल्या चपला आपल्या आठवणीत कायमच्या राहिल्या आहेत. लेखकाने त्या चपला दाखवल्या त्या आपण पाहाव्यात म्हणून. आपण त्या पुजल्या. मास्तरांना नव्या चपला का घेता आल्या नाहीत, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या मनात आला नाही. उलट, झिजलेली चपल हीच शिक्षकाच्या सचोटीची खूण ठरली, आणि चांगल्या चपला घातलेल्या शिक्षकाकडे आपण संशयाने पाहू लागलो. शिक्षकांच्या वेतन आयोगाची बातमी आली की ज्या सुरात आपण ‘काम काय करतात हे?’ असे म्हणतो, त्या सुराचे मूळ इथे आहे. गुरूने पगार मागायचा नसतो. दक्षिणा आपल्या मर्जीची गोष्ट असते.

शासनाने हीच भावना नेमकी ओळखली आणि २००० साली तिला अधिकृत नाव दिले: ‘शिक्षण सेवक’. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काढायची. माध्यमिक शाळेत हे मानधन २०२३ पर्यंत महिन्याला ८,००० रुपये होते. त्या वर्षी ते १८,००० झाले. मुंबईच्या उपनगरात ८,००० रुपयांत पदवीधर, प्रशिक्षित माणसाने कसे राहावे, याचा हिशेब कोणत्याही शासन निर्णयात नव्हता. आणि हे भाग्यही अनुदानित शाळेतल्याच माणसाचे. २००१ साली शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर परवानग्या देण्याचे धोरण आले. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द वगळला, पण अनुदानाचे टप्पे मिळवण्यासाठी शिक्षकांना वर्षानुवर्षे आझाद मैदानावर बसावे लागले. जुलै २०२५ मध्येही ते पावसात तिथेच बसले होते. गुरू म्हणून ज्याला आपण देव्हाऱ्यात बसवतो, तो एकाच वेळी कागदावर सेवक आणि मैदानावर याचक असतो. या तिन्ही भूमिकांत तो बसू शकतो. फक्त नागरिक म्हणून, करारातला समान पक्ष म्हणून त्याला जागा नाही.

मराठी माध्यमाच्या शाळांतील शिक्षकांवर तर याहून वेगळी पाळी आली आहे. पट घसरला की संचमान्यतेत पदे कमी होतात आणि माणूस ‘अतिरिक्त’ ठरतो. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत हे शिक्षक चाळी आणि झोपडपट्ट्या पालथ्या घालून मुले गोळा करतात. ज्या पालकांनी आपली मुले इंग्रजी माध्यमात घातली, तेच मराठी शाळा वाचवण्याची जबाबदारी त्या शिक्षकांवर टाकून मराठी भाषा दिनाला हळहळतात.

अशैक्षणिक कामांचा प्रश्न तर जुनाच. पण इथेही फुले यांच्या निवेदनातली एक सूचना आठवते. गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तनोंदणी, टपालाचे काम यांत शिक्षकाला सामावून घ्यावे, म्हणजे गावात त्याची प्रतिष्ठा वाढेल, असे त्यांनी म्हटले होते. त्यांना शिक्षकाच्या हाती सत्तेचा एक तुकडा द्यायचा होता. आपण त्याच्या हाती दिली ती यादी. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढी तीन कामे सोडून बाकीच्या कामांना मनाई केली. तरीही जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी राज्यभर शिक्षकांनाही घरोघर पाठवण्यात आले, आणि ते सर्वेक्षण या तिन्हींपैकी काहीच नव्हते. त्याच वर्षी मेमध्ये लोकसभेची आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक मुंबईने पाहिली. यू-डायस आणि ‘सरल’च्या माहितीचे रकाने, ‘अपार’ ओळखक्रमांक, आधारची जुळणी हे वर्षभर चालूच असते. प्रयोगशाळेत मुले वाट पाहत असताना विज्ञानाचा शिक्षक संगणकापुढे नावांची स्पेलिंगे जुळवत बसतो. याविरुद्ध शिक्षक संघटना बोलतात; पालक संघटना बोलत नाहीत. कारण वर्ग बुडाला तरी क्लास बुडत नाही.

या उपनगरांत नेहमीच असे होते का? पार्ले टिळक विद्यालय १९२१ साली निघाले ते टिळकांच्या निधनानंतर, पार्ल्यातल्या नागरिकांच्या उत्साहातून. शाळा काढणे हे त्या वस्तीला आपले काम वाटले. अशा शाळा प्रामुख्याने उच्चवर्णीय मध्यमवर्गाच्या होत्या, त्यांच्या दारापर्यंत न पोचलेली मुले पुष्कळ होती, हे विसरून चालणार नाही. फुले ज्यांच्यासाठी भांडले ती मुले हीच. पण शाळा आपली आहे म्हणून तिच्याकडून काही मागायचे आणि आपली आहे म्हणून तिला काही द्यायचे, हे नाते तिथे होते. पुढे शाळा ‘लागणारी’ वस्तू झाली आणि आपण वर्गणीदाराचे ग्राहक झालो. ग्राहकाला तक्रार करता येते, दुकान बदलता येते. दुकान उभे राहावे म्हणून तो वीट उचलत नाही.

आता महाविद्यालयांतल्या अध्यापकांकडे वळतो, कारण माझी जात तीच. ‘मुलांना चार ओळी धड लिहिता येत नाहीत, शाळेत शिकवतात तरी काय?’ हे वाक्य आमच्या अध्यापककक्षात चहाबरोबर रोज फिरते. कनिष्ठ महाविद्यालय शाळेला बोल लावते, वरिष्ठ महाविद्यालय कनिष्ठाला आणि विद्यापीठ सर्वांना. एकदा तरी या तक्रारीमागचे गणित मांडून पाहावे. समजा, मराठीच्या शिक्षिकेकडे चार तुकड्या आहेत आणि प्रत्येक तुकडीत साठ मुले. एकूण वह्या दोनशे चाळीस. प्रत्येक मुलाने महिन्यात एकच निबंध लिहिला आणि तो नीट वाचून, वाक्यरचना सुधारून, खाली दोन ओळींचा अभिप्राय द्यायला पाच मिनिटे लागली, तर एका निबंधासाठी वीस तास लागतात. हे वीस तास वेळापत्रकात कुठेच नाहीत. ते तिच्या लोकलच्या प्रवासातून, घरच्या स्वयंपाकातून, रविवारातून काढायचे आहेत. म्हणून मार्गदर्शकातला निबंध फळ्यावर येतो, मुले तो उतरवतात, वहीवर बरोबरची खूण होते आणि सही होते. या खुणेमागे आळस नाही, भागाकार आहे. लेखन शिकवायचे असेल तर तुकडीतली मुले कमी हवीत किंवा शिक्षक जास्त हवेत; दोन्हींना पैसा लागतो. गुरूच्या तपश्चर्येने हे गणित सुटत नाही.

इथे कोणी म्हणेल, की तुम्ही शिक्षकांचे वकीलपत्र घेतले आहे. वर्गात न शिकवणारे, तीच टाचणे वीस वर्षे वाचून दाखवणारे, कायद्याच्या २८ व्या कलमाने मनाई असूनही घरी शिकवण्या घेणारे शिक्षक तुम्हाला दिसत नाहीत का? दिसतात. आणि शिक्षकाला गुरू म्हणू नका, हे माझे म्हणणे त्यांच्यासाठीच अधिक आहे. गुरूची परीक्षा कोणी घेत नाही. त्याच्यावर श्रद्धा ठेवायची असते किंवा त्याला शिव्या द्यायच्या असतात. त्याला ‘या महिन्यात तुम्ही काय शिकवलेत?’ असे विचारायचे नसते. निकम्म्या शिक्षकाला गुरुपदासारखे सुरक्षित आसन दुसरे नाही. पाच सप्टेंबरचे गुलाबपुष्प कष्टाळू शिक्षिकेला आणि कामचुकार शिक्षकाला सारखेच मिळते. जो व्यावसायिक आहे त्याचे काम तपासता येते, त्याला प्रशिक्षण देता येते, सुधारत नसेल तर काढता येते, आणि चांगले करत असेल तर त्याला त्याचे मोल देता येते. शिक्षकाला माणसांच्या जगात आणले तरच त्याला जाब विचारता येईल.

गुरूच्या या मूर्तीला आणखी दोन वाईट फांद्या फुटल्या आहेत. एक छडीची. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात पन्नाशीचे गृहस्थ ‘आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो’ असे कौतुकाने सांगतात. मार खाऊन शाळाच सोडलेले त्यांचे सोबती मेळाव्याला आलेले नसतात, म्हणून हे विधान खोडायला कोणी उरत नाही. तेच गृहस्थ आपल्या नातवाला बाई ओरडल्या तर मुख्याध्यापकांच्या दालनात जातात. दुसरी फांदी मातृहृदयाची. उपनगरांतल्या शाळांच्या शिक्षककक्षात आज बहुतेक स्त्रिया दिसतात, आणि बाईंनी ‘आईसारखे’ असावे अशी अपेक्षा सरसकट असते. आईला कामाचे तास नसतात. म्हणून रात्री अकरा वाजता पालकांच्या व्हॉट्सॲप समूहावर ‘टीचर, उद्या कोणती वही आणायची?’ असे विचारताना कोणाला काही वाटत नाही, आणि उत्तर आले नाही तर मात्र सर्वांनाच वाटते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की शिक्षकाकडून कमी अपेक्षा ठेवा, पण ती खरी ठेवा. त्याने आपला विषय जाणावा आणि तो समोरच्या प्रत्येक मुलाला कळेल असा शिकवावा. संस्कार म्हणून जे काही असते ते या कामाच्या चोखपणातूनच मुलाला दिसते. गणिताची एक पायरी चुकली तर ती कुठे चुकली ते शांतपणे शोधून दाखवणारा शिक्षक, सत्याविषयी जे शिकवतो ते मूल्यशिक्षणाच्या तासाला शिकवता येत नाही. आणि ही एक अपेक्षा ठेवली, की तिच्यामागून आपोआप इतर प्रश्न येतील, ज्यांची उत्तरे शिक्षकाला नव्हे, तर संस्थेला, शासनाला आणि आपल्याला द्यावी लागतील. तुकडीत किती मुले आहेत? किती पदे रिकामी आहेत? या वर्षी बाई किती दिवस वर्गाबाहेर निवडणुकीच्या कामावर होत्या? त्यांचा पगार कोण देतो, किती देतो, आणि वेळेवर देतो का?

येत्या पालकसभेत ‘याला किती टक्के पडतील?’ असे विचारण्याऐवजी ‘या महिन्यात याने स्वतःच्या मनाने काय लिहिले ते दाखवा,’ असे एका पालकाने म्हणून पाहावे. बहुतेक शाळांत दाखवायला काही नसेल. का नाही, याचे उत्तर शिक्षिका देऊ लागली, की ते मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकावे. कारण त्या उत्तरातला अर्धा भाग तिच्याविषयी असेल आणि अर्धा आपल्याविषयी. पहिल्या अर्ध्याबद्दल तिला जाब विचारावा. दुसऱ्या अर्ध्यासाठी, पुढच्या वेळी शिक्षक मैदानावर बसतील तेव्हा, क्लासची एक बॅच बुडवून त्यांच्या शेजारी जाऊन बसावे. त्यानंतर गुरुपौर्णिमेला फूल दिले नाही तरी चालेल.